दुपारचा होकार

ताईचा फोन आला तेव्हा तो गच्चीवर, सोलर पॅनलच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेत उकिडवा बसून, चपलांच्या खोक्यात डोकं घालून रीडिंग बघत होता. खोक्याच्या तळाशी फोन, वरून डोक्यावर जुना टॉवेल, आणि आत तेवढा एक हातभर अंधार. फोन वाजला म्हणून त्यानं तो बाहेर काढला. उन्हात आल्याबरोबर काच काळी झाली. कुणाचा फोन आहे तेही दिसेना. सवयीनं, अंदाजानंच त्यानं बोट सरकवलं आणि फोन कानाला लावला.

"अरे, तू बाबांना आज न्यायला येतोयस?" ताईनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट काहीतरी सैलावल्यासारखं होतं, आणि त्यानंच तो जास्त घाबरला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? दुपारी बाबांजवळ थांबतात त्या बाईंचा ऑफिसात फोन आला मला. बाबा सकाळपासून तयार होऊन बसलेत म्हणे. बूटसुद्धा घातलेत. मी घरातून निघाले तेव्हा अंघोळीला गेले होते, मला काही पत्ताच नाही. बाई म्हणाल्या, काल तुमचं बोलणं झालं. बाबांनी विचारलं, तुझ्याकडे राहायला येऊ का, उद्या नेशील का, तर तू लगेच हो म्हणालास. दोनदा म्हणालास. खरंच म्हणालास ना?"

"हो," तो म्हणाला.

"मग मला सांगायचंस तरी, शहाण्या. बॅग भरून ठेवली असती. खरं सांगू का, मला वाटत होतं की हे मलाच कधीतरी तोंड वाईट करून तुला विचारावं लागणार. तू आपणहून हो म्हणालास, जीव भांड्यात पडला माझा. संध्याकाळी लवकर ये. मीही लवकर निघते."

फोन बंद झाला. तो तसाच बसून राहिला. काल आपण काय काय केलं, ते एकेक करून तो आठवायला लागला. काल हीच वेळ होती, गच्ची मात्र दुसरी. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. ऊन असं की पॅनलच्या कडेला हात लागला तर चटका बसावा. बाबांचा व्हिडिओ कॉल आला, त्यानं घेतला आणि फोन तोंडासमोर धरला. रोजच्यासारखीच काळी काच, काचेत त्याची स्वतःची टोपी, टोपीखाली काळवंडलेला चेहरा, मागे आभाळ. आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, अगदी जवळून, बाबांच्या गळ्यातल्या भोकातून जाणारा-येणारा श्वास. लांब श्वास, मग आखूड, मग थांबणं. थांबणं आलं की त्यानं मान हलवायची आणि म्हणायचं, हो. पुन्हा तसाच लांब श्वास, पुन्हा आखूड, पुन्हा थांबणं. पुन्हा हो. बाबा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, त्यामुळे होकारही दोनदा द्यावा लागे. काल वेगळं काहीच झालं नव्हतं. निदान त्याच्या बाजूनं तरी.

त्याचं कामच असं की कडक उन्हाशिवाय ते होत नाही. पॅनल किती वीज देतंय हे भर दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाच नीट कळतं. सकाळचं रीडिंग साहेब फेकून देतात. म्हणजे जेव्हा फोनच्या पडद्यावर बघायलाच हवं नेमकं तेव्हाच पडदा आंधळा. सुरुवातीला त्यानं सगळे प्रकार करून पाहिले होते. सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत फोन धरला, तर काचेत पांढरा शर्ट चमकायचा. शर्टाचा रंग बदलला, तर चेहरा दिसायला लागला. पडद्याचा उजेड वाढवून टोकाला नेला, तर फोन तापायचा आणि तापला की स्वतःहूनच उजेड कमी करून टाकायचा. माणूस घामाघूम होऊन विनवतोय आणि समोरचा थंडपणे एकेक पायरी खाली उतरतोय, तसं. साहेबांनी सगळ्यांना काळे चष्मे दिले, चांगले महागातले, तर त्या चष्म्यातून फोन उभा धरला की पडदा ठार काळा आणि आडवा धरला की दिसायचा. तो मान वाकडी करून आकडे वाचायचा आणि त्याच्या जोडीचा वायरमन म्हणायचा, "हं, आता एक पाय वर कर, म्हणजे कोंबडा झाला."

खोका वायरमनचाच. तो वयानं मोठा होता, तोंडाचा फटकळ होता, आणि बायकोच्या नव्या चपलांचा खोका त्यानं कामाला आणला होता. एका बाजूला नाकापुरतं कापलेलं, तळाला फोन टेकवायला घडी. "हसू नकोस," तो म्हणाला होता, "यात डोकं घातलं की भर दुपारी सिनेमा बघता येतो." आणि खरंच दिसायचं. एकेक आकडा लख्ख दिसायचा. खोका आल्यापासून त्याच्या रीडिंगमध्ये एकही चूक निघाली नव्हती. साहेबांना रोज संध्याकाळी जे आकडे जात, ते त्यानं अंधारात नीट डोळे लावून पाहिलेले असत.

बाबांच्या फोनच्या वेळी मात्र त्यानं खोका कधी उचलला नव्हता.

हे आता त्याला पहिल्यांदाच इतकं सरळ दिसलं आणि त्यानं लगेच त्याच्याकडे कानाडोळा करायचा प्रयत्न केला. खोका नंतर आला, तोवर सवय लागून गेली होती, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खोक्यात डोकं घालून कुणी बापाशी बोलतं का, असंही सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. ऑपरेशननंतर दवाखान्यात त्यानं बाबांचा गळा एकदाच पाहिला होता. नर्स कापसानं पुसत होती आणि मधोमध ते भोक होतं, ओलसर, श्वासाबरोबर किंचित हलणारं. त्याच्या आधीची सगळी वर्षं ज्या जागेतून तो आवाज यायचा, ती ही जागा. तो बाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला होता. ताई आत राहिली, तिनं कापूस कसा धरायचा ते शिकून घेतलं, आणि बाबा तिच्याकडे राहायला गेले. मग दुपारचे फोन सुरू झाले आणि गच्चीवर ऊन होतं. उन्हाचं बरं पडलं. दिसत नव्हतं म्हणून बघावं लागत नव्हतं.

बाबांचा आवाज. ते बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. एवढंच त्यांचं काम, पण स्टँडवर पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस त्यांचं ऐकायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाची पिशवी सापडली. भसाडा नाही, गोडही नाही. प्रत्येक अक्षर वेगळं काढून पुढ्यात ठेवणारा आवाज. आणि प्रत्येक सूचना दोनदा. पहिल्यांदा सांगितलेलं लोक ऐकत नाहीत, ते म्हणायचे, पहिल्यांदा फक्त मान वर करतात. ही खोड त्यांनी घरीही आणली. जेवायला चला, जेवायला चला. दिवा घालवा, दिवा घालवा. आई वैतागून म्हणायची, "अहो, मी काय फलाटावर उभी आहे का?" स्टँडच्या मधोमध त्यांची काचेची खोली होती. लहानपणी शाळा सुटली की तो तिथं जायचा आणि काचेबाहेर उभा राहून बघायचा. बाबांचे ओठ इथं, समोर, काचेमागे हलायचे आणि आवाज यायचा वरून, पत्र्याखालच्या भोंग्यातून, किंचित मागाहून. त्याला ती जादू वाटायची. दुपार कलली की ऊन तिरपं होऊन त्या काचेवर यायचं, मग बाबा दिसेनासे व्हायचे. काचेत फक्त गाड्या आणि माणसं आणि दप्तर घेतलेला तो. पण आवाज यायचा, त्यामुळे काही बिघडायचं नाही. एकदा गर्दीत तो भलत्याच फलाटावर जाऊन पोचला आणि रडकुंडीला आला, तेव्हा वरून तोच आवाज आला होता: निळा सदरा घातलेल्या मुला, जिथं आहेस तिथंच उभा राहा, मी येतो आहे. जिथं आहेस तिथंच उभा राहा, मी येतो आहे. सगळा स्टँड त्याच्याकडे बघायला लागला. तो हलला नाही. आणि बाबा आले.

आता बाबांकडे फक्त ओठ उरले होते. हात थरथरायचा, त्यामुळे लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेला घरघराट एकदाच ऐकून बाबांनी ते कपाटात टाकलं. ताईनं पाटी आणली, तर त्यांनी ओठांनी विचारलं, मी बालवाडीत आहे का? दोनदा विचारलं. ताई हसली, म्हणजे तिला कळलं होतं. फक्त मिशीमुळे अडतं, ती म्हणाली, वरचा ओठ दिसतच नाही. तर बाबा इतके चिडले की दिवसभर कुणाकडे पाहिलं नाही त्यांनी. तरुणपणापासूनची जाड मिशी होती ती. तरी ताई शिकली. दुपारच्या बाई तर ताईच्याही पुढे गेल्या. भाजी निवडता निवडता तिरप्या नजरेनं बघायच्या आणि उत्तर द्यायच्या. ताई ऑफिसात गेली की बाईच फोन लावून पाण्याच्या जगला टेकवून ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. ती बाबांची वेळ होती. मुलाशी बोलायची.

पहिले काही दिवस तो खरं बोलला होता. बाबा, दिसत नाही, थांबा. बाबा, ऊन आहे, पुन्हा सांगा. मग तो जिन्यात पळायचा, जिन्यात सावली असायची पण रेंज जायची, आणि वर येऊन पुन्हा लावला की पुन्हा ऊन. बाबांचा श्वास घाईघाईचा व्हायचा, बोटं टेबलावर वाजायची, आणि फोन कट. एकदा कंटाळून, वेळ मारून न्यायची म्हणून, तो नुसताच हसला आणि म्हणाला, हो. पलीकडे शांत झालं. श्वास लांब आणि सावकाश यायला लागला. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच केलं. मग त्याचं त्यात कौशल्यच तयार झालं. श्वासावरून त्याला कळायला लागलं की आता हकीकत चालू आहे, आता प्रश्न आहे, आता बाबा हसतायत. "हो का?" "अरे वा!" "मग काय!" "बघतो मी." शब्द तो जागच्या जागी पेरायचा. कधीकधी त्याला त्याचा अभिमानही वाटायचा. वायरमन एकदा म्हणाला, "अरे, नंदीबैलासारखी मान काय हलवतोयस? तिकडून काय म्हणतायत ते तरी कळतंय का?" तो म्हणाला, "बाप आहे माझा. मला कळतं." आणि काचेत बघितलं, तर टोपीखालचा तो काळवंडलेला माणूस मान हलवत होता, भुवया उंचावत होता, समजूतदारपणे हसत होता. इतका चांगला मुलगा त्यानं दुसरीकडे कुठं पाहिला नव्हता.

आणि आता बाबा बूट घालून बसले होते.

त्यानं बायकोला फोन लावला. वायरमन पलीकडच्या रांगेत पाणी मारत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तो टाकीमागे गेला. बायकोला त्यानं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की बाबा आपल्याकडे यायचं म्हणतायत, मी हो म्हणालोय. तो मनातल्या मनात भांडणाची वाक्यं जुळवायला लागला.

"कधी?" तिनं विचारलं.

"आज."

"आज? तुझं सगळं असंच. आधी ठिगळ, मग कापड." मग तिकडे कपाटाचं दार वाजलं. "आतली खोली रिकामी करते. पण ते बोलतात ते मला कळत नाही हं. तुला कळतं ना सगळं, रोज बोलतोस ते? मग मला शिकव."

"हो," तो म्हणाला.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. ऊन उतरलं होतं. सगळे प्रवासी आपापल्या पडद्यात बघत होते आणि सगळ्यांना सगळं दिसत होतं. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता: आणखी कशाकशाला आपण हो म्हणालोय? इतक्या दिवसांत बाबांनी काय काय विचारलं असेल? आईची आठवण येते का तुला, असं विचारलं असेल. मला भीती वाटते, असं सांगितलं असेल, आणि तो म्हणाला असेल, अरे वा. ताईबद्दल काही सांगितलं असेल. किंवा साधं, अगदी साधं, जेवलास का. प्रत्येक दुपार त्याच्या समोर येऊन काळ्या काचेसारखी उभी राहायची आणि तिच्यात तोच दिसायचा. त्याला रडू आलं आणि शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. पण त्यातच, हळूहळू, एक हलकेपणाही यायला लागला. झालं ते झालं. बाबा घरी येतील. आतल्या खोलीत दुपारीसुद्धा ऊन येत नाही. समोर बसून तो सगळं नव्यानं शिकेल, कापूस धरायलाही शिकेल, आणि या दुपारांची गोष्ट बाबांना कधी कळायचंच कारण नाही. पत्ते पुन्हा पिसून घ्यावेत तसं वाटलं त्याला. उतरताना त्यानं कोपऱ्यावरून मऊ केळी घेतली, बाबांना गिळता येतील अशी.

दार ताईनं उघडलं. बाई पिशवी घेऊन निघायच्या बेतात होत्या. त्या म्हणाल्या, "आलात? मी आल्यापासून उठले नाहीत खुर्चीवरून. म्हटलं, आजोबा, संध्याकाळी येणार ते, तर म्हणतात, लवकर आला तर?"

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला, गळ्याशी पातळ रुमाल. पायात काळे बूट, पुसलेले. पायाशी बॅग. मांडीवर दोन्ही हात एकावर एक. संध्याकाळचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर सारखा पसरला होता, कुठे चमक नाही, कुठे सावली नाही, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं त्यांचा चेहरा पाहिला. गाल आत गेले होते. डोळे मात्र तेच, फलाटावरून येणारं माणूस लांबूनच ओळखणारे. आणि नाकाखाली काहीच नव्हतं. तिथली कातडी फिकट होती, बाकीच्या चेहऱ्याहून वेगळी, न वापरलेली.

"बाबा, मिशी!" तो म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं. "मिशी कधी काढलीत?"

बाई चपला घालता घालता थांबल्या.

"अरे, असं काय करतोस?" ताई म्हणाली. "तुझ्यासाठीच तर काढली. फोनवर तुला ओठ नीट दिसेनात म्हणून. कितीतरी दिवस झाले. तुलाच पहिल्यांदा दाखवलं त्यांनी. मी इथंच होते त्या दिवशी, सुट्टी होती मला. बोट लावून विचारलं, आता दिसतं का? आता दिसतं का? तू म्हणालास, हो, हो, मस्त दिसतंय."

"हो, म्हणजे... आठवलं. समोर बघून एकदम वेगळं वाटलं, म्हणून." त्यानं हसायचा प्रयत्न केला. केळ्यांची पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. "चला, निघायचं ना बाबा?"

बाबा उठले नाहीत. ते त्याच्याकडे बघत होते. चिडून नाही, नुसतेच बघत होते. मग त्यांनी हात वर करून त्याला जवळ बोलावलं. समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली. तो बसला. गुडघ्याला गुडघे लागत होते. रुमालाखालून श्वास येत होता, तोच, रोजचा. पण आता त्याच्या वर ओठ होते, उघडे, स्वच्छ, दाढी केलेले, आणि ते हलायला लागले. सावकाश. एकेक अक्षर वेगळं काढून पुढ्यात ठेवत. लांब श्वास, मग आखूड, मग थांबणं.

त्याला काहीही कळलं नाही. इतका उजेड होता, इतकं जवळ होतं, आणि काही म्हणजे काही कळलं नाही. कुठल्या ओळखीच्या शब्दाचं टोक हाताला लागतंय का ते तो शोधत राहिला, पण ओठ ओठच राहिले. आणि थांबणं आलं होतं. थांबणं आलं की काय करायचं हे त्याच्या मानेला माहीत होतं.

"हो," तो म्हणाला. मान हलवली.

बाबांनी तेच पुन्हा एकदा केलं. तितकंच सावकाश. त्याच्या डोळ्यांत बघत.

"हो बाबा. हो."

त्याच्या मागे ताईचा श्वास अडकल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती, आणि तिचा हात तोंडावर गेला होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "काय म्हणाले?"

उत्तर बाईंनी दिलं, दारातून, हळू आवाजात. "काही नाही म्हणाले ते. नुसतेच ओठ हलवले."

त्याला वाटलं, आता बाबा टेबल वाजवतील, हात झटकतील, तोंड फिरवतील. लहानपणी मार बसून एकदाचं मोकळं व्हावंसं वाटायचं, तसा त्याला तो राग हवाहवासा वाटला. तसं काही झालं नाही. बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि थोडा वेळ बॅगेकडे बघितलं. मग ते पुढे वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. बोटं थरथरत होती, गाठ सुटेना. तो खाली बसला, म्हणाला, "मी सोडतो बाबा," आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आपण काय म्हणतोय. "सोडू नका. बाबा, चला ना. घरी खोली तयार आहे. तुमची सून वाट बघतेय. मी शिकतो, खरंच शिकतो. ताई, सांग ना." बाबांनी त्याचा हात बाजूला केला. जोर लावून नाही, वाटेत आलेली वस्तू बाजूला करतात तसा. एक बूट निघाला. मग दुसरा. दोन्ही त्यांनी जोडीनं खुर्चीखाली सरकवले. मग ताईकडे बघून त्यांनी ओठ हलवले, एकदाच, आणि ताई आत जाऊन पाणी घेऊन आली.

जिन्यापर्यंत ताई सोडायला आली. ती रागावेल असं त्याला वाटत होतं, पण ती दमलेली दिसत होती. दुपारी फोनवर जो तिचा आवाज सैलावला होता तो पुन्हा आवळला गेला होता.

"एरवी रोज तुमचा फोन झाला की मला सांगायचे, कालचंच तेवढं नाही," ती म्हणाली. "आज पोराशी हे बोललो, ते बोललो. तो असं म्हणाला. तो ऐकतो, म्हणायचे. तुम्ही दोघी कळून घेता, पण तो ऐकतो."

"मी काय करू आता?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली, आणि जिन्यातला दिवा लावून आत गेली. केळी त्याच्या हातातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ तसंच स्वच्छ होतं. त्यानं रीडिंग लवकर उरकलं. वायरमनला म्हणाला, मला जरा वेळ लागेल, आणि खोका घेऊन पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसला. फोन खोक्यात ठेवला, डोक्यावर टॉवेल घेतला, कडा गळ्याशी नीट खोचल्या. आतमध्ये चपलांच्या नव्या चामड्याचा आणि त्याच्या स्वतःच्या घामाचा वास होता. पडदा लख्ख दिसत होता. रोजची वेळ झाली. ती सरली. फोन आला नाही. अंधारात घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो सारखा पुसत होता, बघायचं काही राहू नये म्हणून.

शेवटी त्यानंच लावला. बऱ्याच वेळानं बाईंनी उचलला. त्यांचा चेहरा दिसला, त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही दिसल्या. "देते," त्या म्हणाल्या, "पण बोलतील का माहीत नाही." चित्र हललं, छत दिसलं, पाण्याचा जग आला, आणि मग बाबा.

ते खिडकीजवळ बसले होते. अंगात घरचा सदरा होता, गळ्याला रुमाल नव्हता. सगळं दिसत होतं. ते भोकही दिसत होतं, श्वासाबरोबर किंचित हलणारं, आणि त्यानं नजर काढली नाही. नाकाखाली कोवळे पांढरे केस उगवायला लागलेले दिसत होते. काल नव्हते, किंवा काल त्याच्या लक्षात आले नव्हते.

"बाबा," तो म्हणाला, "मला दिसतंय. आज खरंच दिसतंय. बोला ना."

बाबांच्या पडद्यावर काय दिसत असेल हे त्याच्या नंतर लक्षात आलं. खोक्यातला अंधार, आणि त्या अंधारात काहीच नाही. त्यांनी डोळे बारीक करून एकदा पाहिलं. मग ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"बोला ना, बाबा," तो पुन्हा म्हणाला.

ओठ मिटलेले होते. अगदी स्पष्ट दिसत होते.